हिरवी शेडनेट: ७५ टक्क्यांची एकेरी घेण्यापेक्षा ५० टक्क्यांची दुहेरी बरी

मार्च लागला की मोंढ्यातल्या ताडपत्रीच्या दुकानांत आणि कृषी सेवा केंद्रांत हिरव्या शेडनेटचे गठ्ठे बाहेर येतात. घरच्या कुंड्यांसाठी हवी म्हटलं की बहुतेक वेळा ७५ टक्क्यांची जाळी पुढे येते. ऊन मराठवाड्याचं, तेव्हा जाळी दाट हवी, हा हिशेब वरवर पटतो. पण गॅलरीतल्या झाडांसाठी ५० टक्क्यांची जाळी जास्त कामाची आहे, फक्त ती दुप्पट लांबीची घ्यायची.

टक्का म्हणजे जाळी किती उजेड अडवते तो आकडा. मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ५०ची जाळी त्यातला निम्मा खाली सोडते, ७५ची पाव. ५०चे दोन पदर केले की निम्म्याचा निम्मा, म्हणजे पावच उरतो. मार्चमध्ये एक पदर, एप्रिल-मेमध्ये दोन, पाऊस नीट लागला की जाळी काढायची आणि ऑक्टोबर हीटला पुन्हा एक पदर, हे सगळं एकाच जाळीत बसतं. ७५ची जाळी मात्र ढगाळ दिवसांतही तेवढाच उजेड अडवते. मग मनीप्लांटची वेल लांबुडकी होते, क्रोटनचा रंग उतरतो.

दोन पदरांखाली मनीप्लांट, अरेका पाम, स्नेक प्लांट मे महिना काढतात. पीस लिली, कॅलेथिया आणि फर्न यांना तेवढंही ऊन सोसत नाही. ती भिंतीलगत मागच्या रांगेत किंवा घरातच हवीत. मोगरा, जास्वंद, अडेनियम यांच्यावर जाळी टाकून फुलं कमी करून घेऊ नका. कुंडी लहान असेल तर मेपुरता एक पदर पुरे.

घेताना धागा पाहा. चपट्या पट्टीची ‘टेप’ जाळी स्वस्त मिळते, गोल धाग्याची ‘मोनो’ जास्त टिकते. यूव्ही स्टॅबिलाइज्ड, म्हणजे उन्हात टिकेल अशी प्रक्रिया केलेली आहे का, हे विचाराच. नसेल तर धागा उन्हाने ठिसूळ होतो आणि चोळला की भुगा पडतो. शेडनेटसाठी आयएस १६००८ हे भारतीय मानक आहे, पण मीटरवर कापून घेतलेल्या तुकड्यावर शिक्का सापडेलच असं नाही. टक्का खरा आहे का, हे मोबाइलच्या लक्स मीटर ॲपवर अंदाजाने कळतं: आधी उघड्या उन्हात मोजा, मग त्याच जागी जाळीखाली. आकडा निम्म्यावर यायला हवा.

खरी गडबड होते ती जाळी लावताना. ती थेट पानांवर पांघरली की तापलेला धागा पानाला चिकटतो आणि नेमकं तिथेच पान भाजतं. झाडाच्या शेंड्यापासून निदान दीड फूट अंतर ठेवा. गॅलरीच्या कठड्याला वरपासून खालपर्यंत घट्ट ताणली तर आत हवा कोंडते आणि वळवाच्या वाऱ्यात जाळीचं शीड होतं. खाली-वर सहा-सहा इंच मोकळं सोडा. ताडपत्रीवाल्याकडून चारही कडा दुमडून शिवून घ्या, दर दोन फुटांवर आयलेट (बांधण्यासाठीची गोल कडी) मारून घ्या; त्यासाठी प्रत्येक बाजूला सहा इंच जाळी जास्त धरा. वरची बाजू तारेने पक्की बांधा, खालची साध्या केबल टायने. वादळात टाय तुटतो, जाळी फाटत नाही. सुतळी नको, ती उन्हा-पावसात कुजते.

दिशा चुकली तर चांगली जाळीही वाया जाते. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी दोननंतरचं तिरपं ऊन डोक्यावरच्या जाळीखालून सरळ आत येतं, तिथे उभा पडदाच हवा. उत्तरेची गॅलरी सावलीची समजून मोकळी सोडू नका. आपल्याकडे मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत थोडा उत्तरेकडेच असतो. पाऊस लांबला की जूनमध्ये तिथलं फर्न करपतं ते यामुळे.

जाळी लावूनही पानं खराब होत असतील तर डाग बघा. उन्हाकडच्या पानांच्या मधोमध पांढरट, कागदासारखा डाग असेल तर ते उन्हाने भाजलेलं आहे. तो भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण अर्धं हिरवं पान झाडाला अन्न देतंच, ते लगेच कापू नका. नुसत्या कडा आणि टोकं तपकिरी असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा कोरडी हवा हे कारण धरा; तिथे जाळी काही करू शकत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापल्या स्लॅबवर टेकवल्या की मुळं शिजतात, खाली दोन विटा ठेवा. आणि गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी अजिबात घालू नका, सकाळी सातच्या आत घाला.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण रंगासाठी कापला, कारण हिरवी जाळी रंगासाठी विकली जाते, झाडाला त्या रंगाचा काही फायदा नाही. पांढरी मिळाली तर ती कमी तापते. उरलेला एक गुण धुळीचा. मे महिन्यात जाळीवर धुळीचा थर बसतो आणि ५०ची जाळी नकळत जास्त उजेड अडवू लागते. महिन्यातून एकदा पाइपने धुवा. काढल्यावर घडी जमिनीवर ठेवू नका, उंदीर कुरतडतात. गुंडाळून खिळ्याला टांगा.