मुंग्या लागलेला कॅटलॉग

पहिला संशय मला आला नाही, मुंग्यांना आला. चवथीच्या आधीची साफसफाई चालली होती. हिने सोप्यातल्या कपाटापाशी उभं राहून हाक मारली, "अहो, तुमच्या त्या महागाच्या पुस्तकाला मुंग्या लागल्यात बघा." पुस्तकाला वाळवी लागते, कसर लागते. आमच्या फोंड्याच्या पावसात बुरशी तर लागतेच लागते. पण तांबड्या मुंग्यांची रांग पुस्तकाच्या पुठ्ठ्यात शिरताना मी बासष्ट वर्षांत पाहिली नव्हती. बोट ओलं करून पानाच्या कडेला घासलं, तर बोटाला तपकिरी रंग लागला. वास घेतला. चहा होता, आणि तोही साखरेचा.

ज्याने कोणी ते पान म्हातारं केलं होतं, त्याने बिनसाखरेचा चहा वापरायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते.

पुस्तक कुठलं ते सांगतो. ई. जे. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केलेला, १९०८ साली लंडनला छापलेला कॅटलॉग. आंध्र म्हणजे आपले सातवाहन, पश्चिमी क्षत्रप, त्रैकूटक आणि बोधी एवढ्या घराण्यांची नाणी त्यात आहेत. एक नकाशा, २१ फलक (म्हणजे नाण्यांच्या चित्रांची पानं) आणि भलीमोठी प्रस्तावना. महाराष्ट्र-कोकणातली जुनी नाणी जमवणाऱ्याला आजही या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. आजीच्या पेटाऱ्यातल्या पोर्तुगीज काळच्या तांगा नाण्यांपासून माझा नाद सुरू झाला आणि हळूहळू मागे मागे जात सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांपर्यंत पोचला. रॅप्सनचा मूळ ग्रंथ आपल्या कपाटात असावा, ही इच्छा त्यामुळे फार दिवसांची होती. विकणाऱ्याने ती माझ्या तोंडूनच काढून घेतली, हे नंतर लक्षात आलं.

मार्च महिन्यात मडगावला एका हॉलमध्ये नाण्या-नोटांचं प्रदर्शन होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर पन्नाशीचा एक गृहस्थ, चष्म्याला दोरी, मराठी अगदी स्वच्छ. मी शिक्षक होतो हे कळल्यावर तो मला 'सर' म्हणू लागला, आणि मी 'नुसतं बघतोय' असं म्हणता म्हणता अर्धा तास बोलत बसलो. काय शोधताय, किती वर्षं शोधताय, कुणाकडे पाहिलंय, सगळं त्याला सांगून मोकळा झालो. मग त्याने टेबलाखालून पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. हातात सुती पांढरे मोजे घातले आणि देव्हाऱ्यातला टाक उचलावा तसं ते उघडलं. "हाताचा घाम लागतो सर, शंभर वर्षांचा कागद आहे." मला ते इतकं आवडलं! पुस्तकाची कदर असलेला माणूस भेटला असं वाटलं. त्या मोज्यांनी मला पुस्तकाला हात लावण्यापासून अडवलं होतं, हे डोक्यातच आलं नाही. त्याने सहा-सात पानं दाखवली, तीही त्यानेच उलटली.

१८,००० वरून १४,००० वर सौदा ठरला. पैसे मोबाइलवरून दिले. पावती मागितली तर वहीतलं पान फाडून लिहून दिलं: 'जुने पुस्तक – १ नग'. त्यात ग्रंथाचं नाव नाही, साल नाही, 'मूळ आवृत्ती' हे शब्द नाहीत. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, कारण नंतर तिने मला जो धडा दिला तो पुस्तकाने दिला नाही.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन. "सर, पुस्तक उघडा. नहपानाचा फलक काढा. पुन्हा ठसा मारलेलं नाणं आहे ना? तेच माझ्याकडे आलंय." जोगळटेंभी हे नाव नाणी जमवणाऱ्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली पश्चिमी क्षत्रपांचा राजा नहपान याची १३,००० हून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाच्या नाका-डोळ्यांवर जिंकलेल्या राजाचा तीन कमानींचा पर्वत. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकाच्या टोकांना चार गोल), आणि त्याच्या आडून नहपानाचा बाण नि वज्र डोकावणारं. असं नाणं हातात यावं असं कोणाला वाटणार नाही?

तो घरी आला. हिने त्याला चहा दिला (हे आठवलं की आजही हसावं की रडावं कळत नाही). टेबलावर फलक उघडला, शेजारी नाणं ठेवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. पर्वताच्या डाव्या कमानीतून नहपानाचं नाक बाहेर आलेलं, फलकावर तसंच. काठाला घड्याळातल्या चारच्या जागी चीर, फलकावर तिथेच. एका बाजूला ठसा नाण्याबाहेर घसरलेला, तोही तेवढाच. मी भिंगातून डोकं वर काढलं तेव्हा तो म्हणाला, "जुळतंय ना सर?" जुळत होतं. तंतोतंत जुळत होतं. ९,००० रुपये रोख मोजले.

आता ज्याला या विषयातलं थोडंफार कळतं तो वाचक इथे कपाळावर हात मारून घेईल. ही नाणी हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत, वर चांदीची चकती, त्यावर दुसरा ठसा धरून हातोडा. एकाच ठशातून पाडलेल्या दोन नाण्यांवर चित्र एक असेल, पण चकतीचा आकार, ठसा कुठे घसरला, काठ कुठे फाटला, हे प्रत्येकाचं वेगळं. त्यात हे तर एकावर एक ठसा मारलेलं. दुसरा घाव पहिल्या चेहऱ्याच्या नेमका कुठे पडेल हे घाव घालणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. फलकावरचं नाणं म्युझियमच्या कपाटात आहे. तेच नाक, तीच चीर, तीच घसरण असलेलं नाणं माझ्या टेबलावर आलं, तर ते त्याच्यावरून बनवलेलं असणार. जे पाहून मला खात्री पटली, त्याच गोष्टीने माझे डोळे उघडायला हवे होते.

मुंग्यांनंतर मी पुस्तक पहिल्यांदा उजेडात नीट पाहिलं, मोजे न घालता. प्रस्तावनेच्या पानांवर कसरीची बारीक भोकं होती. जुन्या पुस्तकाची ही खूण म्हणून मी ती कौतुकाने लोकांना दाखवलीही होती. नखाने एक भोक चाचपलं, तर कागद सपाट! भोकं छापलेली होती. मूळ प्रतीला लागलेली कसर स्कॅनमध्ये आली आणि तशीच काळ्या ठिपक्यांनी छापली गेली. पुढे एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात करडा डाग होता. तो शाईचा समजून मी सोडून दिला होता. भिंगाखाली तो अंगठा निघाला. स्कॅन करताना पान धरून ठेवणाऱ्या कोण्या बिचाऱ्याचा रबरी टोपी घातलेला अंगठा, १९०८ सालच्या ग्रंथात. मी एकटाच खोलीत होतो, तरी लाज वाटली.

आमचे एक जुने संग्राहक स्नेही आहेत, त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो. त्यांच्याकडे मूळ रॅप्सन आहे. पिशवीत पुस्तक आणि नाणं घालून कदंबा बसने त्यांच्याकडे गेलो. भाईंनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमचं लहान आहे." मूळ ग्रंथाचं पान मोठं, माझं वहीएवढं. छापणाऱ्याने पान कागदात बसवायला आक्रसून घेतलं होतं. अक्षरं थोडी बारीक झाली तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. पण अशा कॅटलॉगातल्या फलकांवर नाणी मूळ आकाराची असतात. पान आक्रसलं की नाणंही आक्रसतं. आणि माझं नाणं या आक्रसलेल्या फलकाशी मापाने जुळत होतं! ते बनवणाऱ्याने खरं नाणं कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. त्याने माझ्यासारख्याच एखाद्या प्रतीवरून ठसा कोरला होता. खोटं पुस्तक आणि खोटं नाणं एकमेकांची साक्ष देत होती, आणि मी न्यायाधीश होऊन बसलो होतो.

खरी मेख पुढेच आहे. फलक आक्रसला, तरी मजकुरातले आकडे बदलत नाहीत. रॅप्सनने प्रत्येक नाण्यापुढे वजन ग्रेनमध्ये आणि आकार इंचात दिलेला आहे, आणि तो माझ्या चहाच्या पुस्तकातही बरोबर होता. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. नहपानाचं चांदीचं नाणं दोन ग्रॅमच्या थोडं वर भरतं. भाईंच्या काट्यावर माझं भरलं १.४ ग्रॅम. तीस वर्षं आठवीच्या पोरांना एकक बदलायला शिकवलं, न जमलेल्यांना बाकावर उभं केलं, आणि स्वतः ९,००० रुपये मोजताना एक गुणाकार केला नाही.

या मधल्या काळात त्या विक्रेत्याने तिसरं आमिषही टाकलं होतं. वॉल्टर इलियटचा 'कॉइन्स ऑफ सदर्न इंडिया', १८८६. किट्टूरच्या राणी चन्नम्मांच्या लोकांनी १८२४ मध्ये पकडून ठेवलेला तोच इलियट. "गोव्याच्या कदंबांसाठी हे पाहिजेच सर." कदंब म्हटलं की आमच्याकडे लोकांना बस आठवते, मला कदंब राजांची सप्तकोटीश्वराचं नाव कोरलेली सोन्याची नाणी आठवतात. दुबळी जागा त्याने बरोबर हेरली होती. त्या महिन्यात घराच्या कौलांचा खर्च निघाला म्हणून मी थांबलो, अकलेने नव्हे.

सगळं उघडकीला आल्यावर त्या विक्रेत्याला फोन केला तर नंबर बंद. पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदाराने चिठ्ठी वाचली आणि शांतपणे विचारलं, "जुनं पुस्तक एक नग लिहिलंय. पुस्तक मिळालं ना?" त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, तिथेही फोन केला. पण तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी पाच महिन्यांनी केला. आणि नाण्याचे तर रोखच दिले होते.

म्हणून, कोणी जुना कॅटलॉग घेत असेल तर आधी घरी बसून एक करा. रॅप्सन, कनिंगहॅमचे प्राचीन आणि मध्ययुगीन भारतीय नाण्यांवरचे १८९१ आणि १८९४ चे ग्रंथ, ॲलनचा १९१४ चा गुप्त नाण्यांचा कॅटलॉग, हे सगळे इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मी ज्या छपाईला १४,००० दिले तिचा उगम बहुधा तिथलाच. ते स्कॅन उघडून फलक मोजा, पानं मोजा, मग विक्रेत्याकडे जा. त्याने मोजे घातले तर तुम्ही काढायला सांगा. त्या काळच्या खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं, पानाच्या मागून बोटाला लागतं. आताच्या छपाईत ते वर चिकटून चमकतं. पावतीवर ग्रंथाचं नाव, साल आणि 'मूळ आवृत्ती, पुनर्मुद्रण नव्हे' एवढं लिहून घ्या. लिहायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका. पुनर्मुद्रण वाईट असतं असं नाही. अभ्यासाला ते पुरतं, पण पुनर्मुद्रणाच्या किमतीला घ्यावं आणि त्याचे फलक पट्टीने मोजण्यासाठी वापरू नयेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तर परमेश्वरीलाल गुप्तांचं नॅशनल बुक ट्रस्टने १९६९ मध्ये काढलेलं छोटं 'कॉइन्स' आधी वाचावं. सुलतानांच्या नाण्यांकडे वळायचं असेल तर गोरॉन आणि गोएंका यांचा २००१ चा जाडजूड ग्रंथ. आणि जमलं तर एकदा नाशिकजवळ अंजनेरीला, नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत जाऊन खरी नाणी पाहून यावीत. खरं एकदा नीट पाहिलेलं असलं की ओतीव आणि गुळगुळीत चांदी डोळ्याला टोचते.

ते नाणं मी फेकलं नाही. पुस्तकाच्या त्याच फलकात कागदाच्या पाकिटात ठेवलं आहे. गेल्या महिन्यात भाईंनी सावंतवाडीच्या एका मुलाचा निरोप पाठवला, सोबत नाण्याचा फोटो. नवीनच नाद लागलाय, नहपानाचं नाणं घेतलंय, काका बघून सांगाल का म्हणून. मी पाकीट काढलं, माझं नाणं फोटोच्या शेजारी धरलं. नाक डाव्या कमानीतून बाहेर. चीर चारच्या जागी. त्याला फोन केला, तर तो आनंदाने सांगत होता, "काका, पुस्तकाशी तंतोतंत जुळतंय. पुस्तकपण त्यांच्याकडूनच घेतलं."