नाट्यशाळा, ग्रुप की थेट ऑडिशन?

ऑडिशनच्या खोलीत कॅमेऱ्याशेजारी बसून समोरच्याला संवाद द्यायचं काम मी बरेच दिवस केलं. नाव, उंची, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवून झाला की प्रसंग सुरू. पहिला टेक बहुतेकांचा बरा जातो, कारण तो घरी घोटून आणलेला असतो. मग सूचना येते, ‘छान. आता हेच कर, पण तू चिडलेला नाहीस, तुला हसू आवरत नाहीये.’ इथे खरी चाळण लागते. काही जण वेगळं काहीतरी करून दाखवतात. बाकीचे पहिलंच पुन्हा करतात, जरा मोठ्या आवाजात.

तोवर कोण कुठं शिकलंय हे कुणीही विचारलेलं नसतं. नाट्यशाळेत न गेलेल्यांना यात आशा दिसते, आणि ती खोटी नाही. पण ती सूचना झेलता येणं हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे. ती कुठं शिकायची, एवढाच निर्णय तुमच्या हातात आहे.

‘न शिकता मोठे झालेले’ म्हणून जी नावं घेतली जातात, ती जरा तपासून घ्यावीत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ मध्ये ते पूर्णवेळ नट झाले, पण त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी हौशी रंगभूमीवर घालवली होती. उलट बाजूला इटलीचा लाम्बेर्तो माज्जोरानी. १९४८ च्या ‘बायसिकल थीव्हज’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकानं या कारखान्यातल्या कामगाराला थेट नायक केलं. चित्रपट जगभर गाजला. माज्जोरानीची मात्र कारखान्यातली नोकरी गेली आणि पुढं बहुतेक किरकोळ भूमिकाच वाट्याला आल्या. एका भूमिकेत चपखल बसणं वेगळं, दुसरी मिळवणं वेगळं.

नाट्यशाळा

पूर्णवेळ दोन-तीन वर्षं. रोज आवाज, शरीर, संहितेचं वाचन, आणि एकामागून एक नाटकं. इथं चुकण्याचा परवाना मिळतो: भूमिका पडली तरी पुढच्या आठवड्यात दुसरी असते, बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षी कास्टिंगवाल्यांसमोर सादरीकरणही होतं. पण माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई म्हणजे सोबतची मुलं. त्यांच्यातलाच कुणी दहा वर्षांनी दिग्दर्शक होतो आणि तुम्हाला फोन करतो.

किंमत उघड आहे. फी, प्रवेशाची चुरस, आणि कमाईविना गेलेली वर्षं. शिवाय काही जण तिथून स्वतःचाच आवाज ऐकत बाहेर पडतात. ती खोड मोडायला वेगळी वर्षं लागतात. ‘आता वय गेलं’ हे कारण मात्र लगेच मान्य करू नका. ब्रिटिश नट ॲलन रिकमन ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय सोडून २६ व्या वर्षी लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत दाखल झाला आणि चित्रपटात पोचला तो चाळिशी ओलांडून.

हौशी किंवा प्रायोगिक ग्रुप

नोकरी सांभाळून यायचं असेल तर माझं मत इथं पडतं. तालमी संध्याकाळी असतात, फी नसते किंवा नाममात्र असते. पैशाऐवजी वेळ मोजावा लागतो. सुरुवातीचे काही महिने तुम्ही सेट उचलाल, प्रॉम्प्टिंग कराल, विंगेत प्रॉपर्टी, म्हणजे प्रवेशात लागणाऱ्या वस्तू, घेऊन उभे राहाल. तो वेळ फुकट जात नाही. एकच प्रवेश वीस वेळा बाजूनं पाहिला की प्रेक्षक कुठं निसटतो आणि कुठल्या विरामाला परत येतो, ते कळायला लागतं. भूमिका मिळाली की कुणीतरी तुम्हाला अर्ध्या वाक्यात थांबवतं, ‘नाही, परत.’ महिनाभर रोज. ऑडिशनमधल्या त्या दुसऱ्या सूचनेची तयारी यापेक्षा चांगली कुठं होईल, मला माहीत नाही.

उणिवा आहेतच. कॅमेरा इथं नसतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकलेला आवाज आणि हातवारे क्लोजअपमध्ये अंगावर येतात. आणि एकाच दिग्दर्शकाकडं फार काळ राहिलात तर त्याच्या लकबी तुमच्या होतात. ग्रुपमध्ये शिरण्याआधी त्यांचा प्रयोग बघा, जमलं तर एका तालमीला बसा. प्रत्येक नाटकात तेच तिघं प्रमुख भूमिकांत असतील, तर दुसरा ग्रुप शोधा.

कार्यशाळा

इथं आधी गणित करावं. दोन दिवस, रोज सहा तास, पंचवीस विद्यार्थी: म्हणजे माणशी २९ मिनिटंसुद्धा नाहीत, आणि त्यातूनच शिक्षकाचं बोलणं वजा करायचं. तेव्हा ‘अभिनय शिका’ या नावाखाली काहीही घेऊ नका. एखादी नेमकी उणीव भरायला मात्र कार्यशाळा उत्तम. कॅमेऱ्यासमोरचं काम हे त्याचं सोपं उदाहरण: खाली न बघता मार्कवर, म्हणजे जमिनीवरच्या खुणेवर, थांबणं, नजर कुठं ठेवायची, कुठल्या शब्दावर कप उचलला होता ते प्रत्येक टेकला लक्षात ठेवणं. हे दोन दिवसांत समजतं. आवाज दोन दिवसांत तयार होत नाही.

थेट ऑडिशन

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर सुरू होणारा रस्ता. पण पहिली छाप एकदाच पडते, आणि कास्टिंगवाले टेप जपून ठेवतात. म्हणून मोठ्या कामांच्या मागं लागण्याआधी चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शॉर्ट फिल्म करा. मानधन बहुतेकदा नसतं, पण सेट कळतो आणि शोरीलसाठी, म्हणजे स्वतःच्या कामाचे निवडक तुकडे दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी, फुटेज मिळतं. ते न विसरता मागून घ्या, नंतर कुणी पाठवत नाही. गर्दीतली कामं सेट बघण्यापुरती ठीक. तिथून पुढं बोलावणं येईल या भरवशावर वर्षं काढू नयेत.

सेल्फ टेपला, म्हणजे घरी स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनला, साधी भिंत, चेहऱ्यावर उजेड, लेन्सच्या अगदी शेजारी नजर एवढं पुरतं. समोरून संवाद देणाऱ्यानं आवाज खाली ठेवावा, नाहीतर माइकजवळ असल्यामुळं तोच जास्त ऐकू येतो. आणि समोरचा बोलत असताना ऐका. नवख्यांच्या टेपमध्ये तिथंच चेहरा रिकामा पडतो. स्वतःच्या वाक्याची वाट बघणं डोळ्यांत दिसतं.

ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी किंवा ‘भूमिका पक्की करायला’ कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

हे रस्ते एकापुढं एक येतात असंही नाही. न्यूयॉर्कचा ‘ॲक्टर्स स्टुडिओ’ १९४७ मध्ये सुरू झाला तो आधीच काम करत असलेल्या नटांना सरावाची जागा हवी म्हणून. तेव्हा आज ऑडिशन देणाऱ्यानं उद्या शिकू नये, असा नियम कुठंच नाही. रंगमंचावर भारदस्त, भाषाप्रधान भूमिका करायच्या असतील, किंवा एकट्यानं रियाज होत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर नाट्यशाळेचा अर्ज भरा. घर चालवायची जबाबदारी असेल तर ग्रुप, वर्षभरानं एखादी कॅमेऱ्याची कार्यशाळा, आणि मग टेप.

तरीही ठरत नसेल तर एक करून बघा. दहा ओळींचा एक उतारा पाठ करा आणि मोबाइलवर तीनदा रेकॉर्ड करा: एकदा काहीतरी लपवताना, एकदा माफी मागताना, एकदा समोरच्याला खोलीबाहेर घालवताना. कुठल्या टेकमध्ये काय चाललंय हे न सांगता ते कुणाला तरी दाखवा. त्याला तिन्ही ओळखता आले तर टेप पाठवायला लागा. तिन्ही सारखेच वाटले तर आधी ग्रुप.