हायवेवरचा ‘ईआर वेट टाइम’ बोर्ड: आठ महिने वापरल्यानंतर

अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसला ऑफिसला जाताना ७५ नंबरच्या हायवेलगत एक डिजिटल बोर्ड लागतो. वर हॉस्पिटलचं नाव, खाली ‘ईआर वेट’, म्हणजे इमर्जन्सी रूममध्ये थांबायचा वेळ, आणि त्याखाली लाल दिव्यांत मिनिटं. कधी ७, कधी १२, सकाळी बहुतेक वेळा ४. दोन वर्षं मी तो तापमानाच्या पाटीसारखा नुसता बघत होतो. ऑगस्टमध्ये मुलाची हनुवटी फुटली आणि तेव्हापासून तो बोर्ड, हॉस्पिटलांच्या साइट आणि फोनवरचं ॲप, सगळं गरजेपोटी वापरतोय.

हनुवटीचं आधी सांगतो. मुलगा सहा वर्षांचा, स्विमिंग पूलच्या कडेला घसरला. रविवारची संध्याकाळ, अर्जंट केअर (किरकोळ दुखण्यांसाठीचं क्लिनिक) बंद झालेलं. ॲप उघडलं तर जवळच्या हॉस्पिटलात ३१ मिनिटं आणि पंधरा मैलांवरच्यात ६. डोकं न चालवता लांबच्याकडे गाडी वळवली. नाव नोंदवलं आणि खरोखरच पाच-सहा मिनिटांत एक नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून उपचार करू शकणारी, जादा शिकलेली नर्स) आली. टॉर्च मारून जखम पाहिली, ‘हाय बडी’ म्हणाली, कधी लागलं विचारलं, गॉझ नीट दाबून धरायला सांगितलं आणि गेली. पुढचे तीन तास आम्ही तो गॉझ दाबून बसलो. पोरगं माझ्या मांडीवर झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं. टाके पडले चार.

घरी येऊन तणतणत साइट उघडली आणि तेव्हा कुठे खालची बारीक अक्षरं वाचली. दाखवलेला वेळ म्हणजे तुम्ही आल्यापासून कुणीतरी ‘पात्र वैद्यकीय व्यक्ती’ तुम्हाला भेटेपर्यंतचा. ती व्यक्ती डॉक्टर असेल, फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारा सहायक) असेल किंवा नर्स प्रॅक्टिशनर. शिवाय तो आकडा आत्ताचा नाही, मागच्या चार तासांची सरासरी आहे आणि दर अर्ध्या तासाने बदलतो. म्हणजे बोर्डाने थाप मारली नव्हती. त्यांचं घड्याळ ‘हाय बडी’ला थांबलं होतं, आमचं चालू होतं.

सरासरीतही एक मेख आहे. इथे बहुतेक ईआरमध्ये आल्या आल्या पेशंटची १ ते ५ अशी पातळी ठरते. १ म्हणजे जिवावर बेतलेलं, ५ म्हणजे प्रिस्क्रिप्शन संपलंय वगैरे. फुटलेली हनुवटी साधारण ४. आपण वेटिंगमध्ये बसलेलो असताना मागच्या दाराने ॲम्ब्युलन्समधून २ नंबरवाला आला की तो सरळ आत जातो आणि जायलाच हवा. सरासरीत मात्र तोही धरलेला आणि आपणही. त्यामुळे ‘६ मिनिटं’ हा आकडा नक्की कुणासाठी, हे त्यातून कळत नाही.

दुसरा प्रसंग नोव्हेंबरचा, आणि तो सांगताना अजूनही लाज वाटते. बाबा सांगलीहून आले होते. वय ७१. रात्री जेवणानंतर छातीत जड वाटतंय म्हणाले, ‘गॅस धरला असेल’ असं स्वतःच ठरवून सोफ्यावर आडवे झाले. कपाळावर घाम. आणि मी काय करत होतो? ओट्यापाशी उभा राहून फोनवर आकडे ताडून बघत होतो. ‘इथे १८ दाखवतंय, तिकडे ४.’ बायकोने फोन हातातून काढून घेतला. ‘आकडे काय वाचतोयस, ९११ लाव आधी!’

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी हॉलमध्येच बाबांचा शर्ट वर करून ईसीजी काढला आणि मी बघत होतो त्या दोन्ही हॉस्पिटलांना सोडून तिसरीकडेच नेलं, कारण तिथली कॅथ लॅब, म्हणजे हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडायची खोली, रात्रीही चालू असते. नंतर वाचलं: छातीत दुखणारा पेशंट दारात आला की १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, आणि मोठा हार्ट ॲटॅक असेल तर वैद्यकीय मदत पोहोचल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनी उघडली पाहिजे, असा इथला दंडक आहे. मला एखाद्या बोर्डावर हे आकडे बघायला आवडतील. बाबांचं सुदैवाने हृदयाचं नव्हतं, रक्ताच्या दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या. पहाटे पडद्याआड, गाऊनमध्ये, तारा चिकटवलेल्या अवस्थेत ते मला हळूच विचारतात, ‘आपला नंबर कितवा रे?’ आयुष्यभर दवाखान्यात सकाळी सातला जाऊन नंबर लावलेला माणूस. आपल्याला सगळ्यांच्या आधी आत घेतलं हे त्यांना पटेचना.

आई-वडील येणार असतील त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: १९८६ च्या कायद्यानुसार इथल्या ईआरला, इन्शुरन्स असो नसो, आलेल्याला तपासावंच लागतं आणि जीव धोक्यात असेल तर स्थिर करावंच लागतं. बिल नंतर येतं, ती वेगळी कहाणी. पण व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद शोधत घरी वेळ घालवू नका.

टेक्ससमध्ये आणखी एक प्रकार सांभाळायचा. २००९ च्या कायद्याने इथे हॉस्पिटलला न जोडलेल्या, सुट्या इमर्जन्सी रूमना परवानगी मिळाली. नेल सलून आणि पिझ्झाच्या दुकानाच्या ओळीत चकचकीत काचेचं दार. ‘वेटिंग नाही’ ही त्यांची जाहिरात, आणि ती बहुधा खरी असते. पण बाहेरून अर्जंट केअरसारखं दिसलं तरी बिल ईआरचं लागतं, तशी पाटीही आत लावलेली असते. आणि ॲडमिट करायची वेळ आली तर पुन्हा ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलात. आमच्या ओळखीतले एक जण मुलाच्या कानदुखीसाठी तिथे गेले, त्यांना अजून कुणी पिझ्झाचं नाव काढलेलं खपत नाही.

मग हे ॲप काढून टाकलं का? नाही. एकदा ते खरंच उपयोगी पडलं. फेब्रुवारीत रात्री अकराला पायऱ्यांवर माझा घोटा मुरगळला. सूज होती, पण पाय टेकवता येत होता. आसपास सगळीकडे ४० च्या वर. बर्फ लावून झोपलो, सकाळी अर्जंट केअरला एक्स-रे, तासाभरात बाहेर. ईआरला माझा कोपे (इन्शुरन्स असूनही स्वतः भरायची रक्कम) ३५० डॉलर, तिथे ५०. तेव्हापासून माझा हिशोब असा: मोठा आकडा खरा धरायचा, लहान आकडा जाहिरात. मोठा आकडा सांगतो की तुझं थांबण्यासारखं असेल तर थांब. तसंही फ्लूच्या दिवसांत संध्याकाळी त्या हायवेच्या बोर्डावर मिनिटं दिसायचीच नाहीत, त्या जागी प्रसूती विभागाचं हसरं बाळ यायचं. सोमवारी तर हमखास.

हॉस्पिटलांची तुलना करायची असेल तर ती शांतपणे, दुखत नसताना करा. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) ‘केअर कम्पेअर’ साइटवर ईआरमध्ये आल्यापासून घरी जाईपर्यंत लागणारा मध्यक वेळ असतो, आणि तपासणीआधीच कंटाळून निघून गेलेल्यांची टक्केवारीही. आकडे जुने असतात, पण त्यांचं घड्याळ तरी दारातून बाहेर पडेपर्यंत चालतं. आमच्या ‘६ मिनिटं’वाल्याचं तिथलं पान बघून मला तो रविवार नीट समजला.

हनुवटीची बिलं दोन आली, हॉस्पिटलचं वेगळं आणि तपासणाऱ्यांच्या ग्रुपचं वेगळं. दुसरं यायला अकरा आठवडे लागले.