८५ सेंटीमीटरचं सांगाडा मॉडेल, आठ महिन्यांनंतर: सांधे शिकायला कितपत कामाचं?

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला लागले तेव्हाच हे घेतलं, तेव्हापासून टेबलावर उभंच आहे, रोज हाताळते. हाडांचे आकार, खाचाखोचा, नावं यासाठी चांगलंच आहे, त्यावर वेगळं काय लिहू. मी घेतलं ते सांध्यांसाठी, म्हणून तेवढंच लिहितेय.

आधी चांगलं. खुब्याचा सांधा स्प्रिंगवर आहे, मांडीचं हाड ओढून बाजूला करता येतं, मग त्याचा गोळा केवढा खोल बसतो ते नीट दिसतं. लगेच खांदा बघा, तोही उखळीचाच सांधा, पण स्कॅप्युलावरची (खांद्यामागच्या चपट्या हाडावरची) खोबण इतकी उथळ की गोळा बशीला टेकवून ठेवल्यासारखा वाटतो. खांदा सगळ्यात जास्त का निखळतो हे मला तिथे समजलं, नोट्स वाचून नाही. कवटीच्या अचल सांध्यांच्या नागमोडी शिवणी पण स्पष्ट आहेत, आणि मणक्यांमधल्या चकत्या मऊ असल्यामुळे पाठ थोडी वाकते, म्हणजे अर्धचल सांधा म्हणजे काय ते हाताला कळतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. कोपराखालची दोन हाडं, रेडिअस (अंगठ्याच्या बाजूचं) आणि अल्ना (करंगळीच्या बाजूचं), दोन्ही टोकांना तारेने घट्ट आवळलीयेत त्यामुळे हात उताणा-पालथा होतच नाही!! पिव्हट जॉइंट, म्हणजे एक हाड खुंटीसारखं जागच्या जागी फिरतं तो सांधा, शिकायची इतकी छान जागा आणि तीच बंद करून टाकलीये. मी महिनाभर त्या मॉडेलकडे बघून पाठ करत होते आणि डोक्यात काही बसत नव्हतं. मग स्वतःच्याच हातावर करून बघितलं. कोपर काटकोनात वाकवायचं, दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या बाहेरच्या बाजूला, टोकदार हाडाच्या जरा खाली दाबून ठेवायचं आणि तळहात उताणा-पालथा करत राहायचा, बोटाखाली गोल काहीतरी फिरतं, ते रेडिअसचं डोकं. अल्ना जवळजवळ जागेवरच राहते. त्यानंतर मी दोन्हीकडच्या तारा कापल्या, वर रबरबँडचा वेढा दिला (खऱ्या शरीरात तिथे लिगामेंटचं (हाडांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्टीचं) कडं असतंच) आणि खाली सैल दोरा. आता पालथा केला की रेडिअस अल्नाला ओलांडून फुलीसारखी आडवी येते. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरंच खूप आनंद झाला, रूममेटला उठवून दाखवलं.

गुडघ्यात एकच स्क्रू आहे, म्हणजे शुद्ध बिजागरी. खरा गुडघा तसा नसतो. खुर्चीत बसून पाय काटकोनात ठेवा, पावलं आत-बाहेर वळवा, गुडघ्याखालचं हाड वळताना हाताला लागेल, पाय पूर्ण सरळ केला की हे वळणं बंद. सरळ होताना शेवटी नडगीचं हाड किंचित बाहेर वळून गुडघा लॉक होतो, हे या मॉडेलवर दिसायचा प्रश्नच नाही, आणि वाटी तर चिकटवूनच टाकलीये.

मानेचं बरं आहे, दुसऱ्या मणक्याचा दातासारखा खुंट दिसतो. फक्त डोकं एकाच दांड्यावर असल्याने सगळं तिथेच फिरतं. खरं तर होकाराची मान मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्यामध्ये हलते आणि नकाराची पहिल्या-दुसऱ्या मणक्यामध्ये, हे लक्षात ठेवूनच वापरा.

अंगठ्याच्या मुळाशी जो खोगिरासारखा सॅडल जॉइंट असतो त्यासाठी हे मॉडेल विसरा, पंजा अख्खा एका साच्यातला आहे.

टिकाऊपणा ठीक. चौथ्या महिन्यात उजव्या खांद्याचा स्क्रू सैल झाला, त्याला दोरा गुंडाळून परत पिळला, अजून टिकून आहे.

परत घ्यायची वेळ आली तर याच साइजचं घेईन आणि पंजाचं फुल साइज मॉडेल वेगळं घेईन. पण ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याला कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून फिरतात का ते विचारा, आणि फोटोवर न जाता व्हिडिओच मागवा.