ए२ कटिंग मॅट: नऊ महिने वापरल्यानंतर

डिझाइनच्या पहिल्या वर्षात दर तीन-चार आठवड्यांनी विषय बदलतो. अक्षरं झाली की खोका, खोका झाला की पुस्तक, मग मॉडेल. एका विषयाचं सामान दुसऱ्याला चालत नाही. सुट्टी सोडली तर नऊ महिन्यांत माझ्या टेबलावरून न हललेली वस्तू एकच, कागद-कार्ड कापताना खाली अंथरायची ही हिरवी मॅट. नवी असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबले होते.

माझी ए२ आहे, म्हणजे ४२० × ५९४ मिमीचा कागद तिच्यावर पूर्ण मावतो. बरेच जण ए३ घेतात आणि महिन्याभरात पस्तावतात. ए३ मॅटवर ए३ कागद कापायचा तर पट्टीचं टोक मॅटच्या बाहेर लोंबकळतं आणि पात्याचा शेवटचा सेंटिमीटर टेबलात जातो. कागदापेक्षा मॅट एक आकार मोठी हवी, एवढं आधी कोणी सांगितलं तर बरं. तोटा म्हणजे ए२ बसमध्ये नेणं हा एक स्वतंत्र प्रकल्पच आहे.

आता मुद्द्याचं. ‘काप आपोआप भरून येतात’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे. धारदार, पातळ पातं वरच्या मऊ थरात शिरताना मॅट कापून बाहेर काढत नाही, फक्त बाजूला सारतं. पातं निघून गेलं की दोन्ही कडा परत मिटतात. म्हणजे जखम भरत नाही, मिटते. पण पातं बोथट असेल किंवा हात जड असेल तर ते थेट खालच्या कडक थरापर्यंत जातं आणि तिथे जी चर पडते ती कायमची.

माझ्या मॅटवर डाव्या बाजूला अशा सहा-सात चरा आहेत. सगळ्या पहिल्या दोन महिन्यांतल्या, टायपोग्राफीच्या असाइनमेंटच्या. जाड कार्डातून मोठी अक्षरं कापायची होती आणि मी प्रत्येक रेघ एकाच दमात, खांद्याचा जोर लावून कापत होते. ‘स’च्या गोलाईत पातं तिरकं व्हायचं, वरून कड सुबक आणि मागून फाटकी. माझ्या कार्डाच्या मागच्या कडा आणि मॅटवरच्या चरा यांचा संबंध लक्षात यायला वेळ लागला. दोन्ही एकाच चुकीतून येत होत्या. आता पहिला हात फक्त रेघ उमटण्यापुरता, मग तीन-चार हलके हात. कड सरळ येते आणि मॅटवर काही दिसत नाही. उजव्या बाजूला गेल्या चार महिन्यांत एकही खोल चर नाही, आणि काम मात्र दुप्पट झालंय.

याला जोडून पात्याचं. कटरची पाती टप्प्याटप्प्याने मोडता येतात, आणि तरी मी अक्षरशः कंजूषपणा करून एकेक टोक आठवडाभर चालवत होते. मोडणाऱ्या पात्याची कल्पना १९५६ मध्ये जपानमध्ये योशिओ ओकादा यांना सुचली, काचेच्या तुटलेल्या कडा आणि चॉकलेटचे पाडता येणारे तुकडे यांवरून. ओल्फा ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. चॉकलेटच्या बाबतीत कंजूषपणा समजू शकतो, पात्याच्या बाबतीत नाही. फोम बोर्ड कापताना तर टोक जरा गेलं की आतला फोम कापला जाण्याऐवजी चुरगळून निघतो. आता पाच-सहा मोठे काप झाले की पक्कडीने टोक मोडते आणि झाकणाच्या डबीत टाकते. कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका, पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो.

छापलेल्या चौकटींवर मात्र विश्वास ठेवू नका. पॅकेजिंगच्या विषयात बाटलीचा खोका होता, तळ ६० × ६० आणि उंची १८० मिमी. मी डायलाइन, म्हणजे खोका उलगडल्यावर दिसणारा कापायच्या-दुमडायच्या रेघांचा आराखडा, मॅटच्या रेघांवरूनच मोजून आखली. चार बाजू आणि चिकटवायची पट्टी मिळून फरक एवढा साचला की झाकण एका बाजूला टेकायचं आणि दुसऱ्या बाजूला फट राहायची. काम तपासणाऱ्या ज्युरीने खोका हातात घेतला आणि आधी बोट त्या फटीवरच ठेवलं. घरी येऊन स्टीलची पट्टी लावली, तर ४० सेंटिमीटरला मॅटची छपाई दीड मिलिमीटर पुढे! तेव्हापासून चौकटी फक्त कागद काटकोनात ठेवायला आणि ४५ अंशाची रेघ नजरेने जुळवायला. मोजमाप पट्टीनेच. पट्टीही स्टीलचीच, प्लॅस्टिकच्या पट्टीची कड कटर सोलून काढतो.

घडीची रेघ पाडायला मॅट छान आहे. वरचा थर थोडा दबतो, त्यामुळे बोथट टोकाने कार्डात खोबण नीट उतरते. काचेवर किंवा लाकडावर तसं होत नाही.

मॉडेलच्या विषयात १:५० प्रमाणात छोटा मंडप होता. २ मिमीचा माउंट बोर्ड, म्हणजे त्या प्रमाणात १० सेंटिमीटरची भिंत. कोपऱ्यात एक भिंत बोर्डाच्या जाडीइतकी आखूड कापावी लागते, हे मला तीन भिंती वाया घालवून कळलं. त्यात मॅटचा काही दोष नाही. पण गरम ग्लू गन मी तिच्यावर टेकवून ठेवली होती, तिथे रुपयाएवढा फुगवटा आलाय.

उष्णता हा या वस्तूचा खरा शत्रू आहे. पीव्हीसीच ती. सुट्टीत जाताना मी मॅट खिडकीजवळ भिंतीला टेकवून उभी ठेवली. परत आले तर तिची कमान झाली होती. उलटी करून वर जाड पुस्तकं रचून पाच दिवस ठेवली, बरीचशी सरळ झाली, पण उजवा वरचा कोपरा अजून उचललेला आहे. आडवी ठेवा, उन्हापासून लांब. यात शहाणपणा दाखवण्यासारखं काहीच नाही, मी दाखवला.

बुक बाइंडिंगमध्ये पाठीवरचा धागा शिवण्यापर्यंत मॅटचं काही काम नव्हतं. १६ पानांची एक अशा आठ जुड्या, १२८ पानं, आणि मग बाहेरची कड कापायची. चाळीसेक हलके हात लागले. पातं जरा कलतं आणि शेवटची पानं मिलिमीटरभर लांब राहतात. तो गठ्ठा बाइंडिंगच्या प्रेसमध्ये घट्ट दाबून धरूनच कापायला हवा, मॅटवर कितीही जपून करा.

लिनोकट, म्हणजे छापण्यासाठी लिनोलियमवर कोरायचं काम, तिच्यावर करू नका. पटाशी सटकली तर ती मॅटचा तुकडाच उचकटून काढते, मिटायला काही उरत नाही. माझ्या मॅटला असं एक भोक आहे.

फोटोग्राफीत एक अनपेक्षित त्रास. मॅटवर ठेवून पोर्टफोलिओसाठी फोटो काढले, तर पांढऱ्या कागदाच्या कडांना हिरवट झाक. मॅटवरून परावर्तित झालेला प्रकाश. अर्धा तास रंग दुरुस्त करत बसले, मग खाली राखाडी कागद अंथरून सगळे फोटो पुन्हा काढले. नवी घ्यायची वेळ आली तर राखाडी किंवा काळी घेईन.

सफाईला कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो. खाचांत अडकलेले कागदाचे तंतू खोडरबराने निघतात. स्प्रेच्या गोंदाचा चिकटपणा घालवायला मी नेलपॉलिश रिमूव्हर लावला, गोंदाबरोबर छापलेल्या रेघाही गेल्या. चौकटींवर भरवसा नव्हताच, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.

गेल्या महिन्यात मॅट उलटी केली. मागची बाजू अजून जवळजवळ नवी आहे. वर्गात कोणी मागितली तर देते, स्टीलची पट्टी देत नाही. उचललेल्या कोपऱ्यावर सध्या शाईची बाटली ठेवलेली असते.