सात टन कळीचा चुना घेतला, आली दगडाची भुकटी

बावीस वर्षं मुंबईत छोटे रस्ते करतोय, म्हणून हे लिहायची जास्तच लाज वाटते. तरी लिहितो, कारण पावसाच्या तोंडावर नकली चुना विकणारे हे एजंट पुन्हा फिरणार.

मानखुर्दला खाडीलगत एका गोदामाचा 80 मीटर लांब, 4 मीटर रुंद रस्ता घेतला होता. खाली काळी चिकणमाती, ओल कायमची. 30 सेंटीमीटरच्या थरात कळीचा चुना कालवून दबाई करायचं ठरलं. चुना 12 रुपये किलो, 84,000, गाडीभाडं 9,500. बाकीचे 14 सांगत होते. तिथेच थांबायचं होतं.

पण खरी चूक पुढची. पोती फुटली, पावडर चिखलात कालवली, आणि वाफेचा मागमूस नाही. मजुरांनी तासाभरात हातमोजे काढले, तरी कुणाची कातडी चुरचुरली नाही. मुकादम म्हणाला, "दादा, चुना तापत नाहीये." मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "विरवलेला माल आहे साहेब, काम तेच करतो." आणि मी ऐकलं! कळीचा चुना मातीतलं पाणी ओढून घेतो, तापतो, म्हणून तर चिखल सुकतो. विरवलेल्यात पाणी आधीच मुरलेलं असतं, तो तसा सुकवणार कसा? हे मला माहीत होतं. पण पाऊस दहा दिवसांवर, गोदामवाल्याचे रोज फोन, रोलरचं भाडं चढतंय. माझ्या जागी असता तर तुम्हीही काम थांबवलं नसतं.

कळीचा चुना खरा आहे का बघायचं तर बादलीत थोडं पाणी घ्या, लांबून, चष्मा लावून मूठभर चुना टाका. उकळी फुटली पाहिजे. गाडी उतरण्याआधी.

पहिल्या पावसात ट्रक ॲक्सलपर्यंत रुतला. प्रयोगशाळेने सांगितलं, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, नुसती दगडाची भुकटी. म्हणजे विरवलेला चुनासुद्धा नव्हता. या भुकटीवर ॲसिडचे दोन थेंब टाकले की भसाभस फेस येतो, ताजा चुना असा फसफसत नाही. सगळं उपसून चाळीस ब्रास मुरूम भरला, 1,62,000. गोदामवाल्याने 25,000 कापले. एकूण 2,80,500.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैसे यूपीआयने दिलेत, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे म्हणाले, माल मिळालाय, हा सायबर गुन्हा नाही. परत ठाण्यात. "व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, मी छापून समोर ठेवलं. साहेब बंदोबस्ताला, मग साहेब रजेवर, मग "अर्ज ठेवून जा." चार फेऱ्या मारून हातात काय, तर अर्जावर शिक्का. ग्राहक आयोगाचं दारही आमच्यासाठी जवळपास बंद, कारण धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो कायदा सहसा लागत नाही, अपवाद फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाचा. मग लहान कंत्राटदाराने जायचं कुठे? पावणेतीन लाखांसाठी दहा वर्षं कोर्टात?

बिलावरचा जीएसटी नंबर नंतर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी करा. निम्मी रक्कम माल तपासल्यावरच द्या.

दोन पोती प्लास्टिकमध्ये बांधून पुरावा म्हणून ठेवलीत. सोमवारी पोलीस उपायुक्तांकडे अर्ज देतोय. असा माल यंदा कुणी घेतला असेल तर पोती फेकू नका, बिल घेऊन माझ्यासोबत या.