कॉलर बोनचं बाहेरचं टोक मोडलंय: हुक प्लेट, साधी प्लेट की बटण?

कॉलर बोन मोडतं ते बहुतेक वेळा मधोमध. खांद्याकडच्या टोकाला मोडलं आणि सोबत त्याला खालच्या कोरॅकॉइडला (खांद्याच्या फऱ्याचं पुढे आलेलं हाडाचं टोक) बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचा आधारही सुटला, तर प्रकरण वेगळं. डॉक्टर त्याला ‘नीअर टाइप २’ म्हणतात. मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो, हाताच्या वजनाने बाहेरचा खाली जातो. नुसत्या झोळीवर यातली बरीच हाडं जुळतच नाहीत, म्हणून ऑपरेशनचा विषय निघतो.

हुक प्लेटचं एक टोक आकड्यासारखं वळलेलं असतं. तो आकडा खांद्याच्या छपराखाली, म्हणजे ॲक्रोमिअनखाली, अडकवतात. बाहेरच्या तुकड्याचा चुरा झाला असला तरी चालतं, कारण पकड त्याच्यावर नसतेच. हाडही चांगलं जुळतं. पण हात खांद्याच्या वर गेला की आकडा टोचतो. केस विंचरताना कळ, फळीवरचा डबा काढताना कळ. काहींच्या ॲक्रोमिअनला तर आतून खड्डा पडतो. म्हणून हाड जुळलं की, साधारण ३ ते ६ महिन्यांत, ही प्लेट काढावी लागते. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा रजा.

बाहेरच्या तुकड्यात ३-४ स्क्रू नीट बसणार असतील तर मी साध्या प्लेटकडेच झुकेन, म्हणजे लॉकिंग प्लेट, जिच्यात स्क्रू प्लेटलाच घट्ट बसतात. सांधा मोकळा राहतो. कातडीखाली प्लेट हाताला लागते, सॅकचा पट्टा काचतो, एवढं सोसायचं.

बटणात कॉलर बोन आणि कोरॅकॉइडला भोकं पाडून जाड दोरा ओवतात, दोन्ही टोकांना धातूची छोटी बटणं. सुटलेल्या लिगामेंटचं काम दोरा करतो आणि सहसा काही काढावं लागत नाही. मात्र भोक जरा कडेला गेलं तर कोरॅकॉइडच मोडू शकतं, आणि ठिसूळ हाडात बटण रुतून दोरा सैल पडतो. शिवाय दोरा हाड खाली धरतो, तुकडे एकमेकांवर दाबत नाही. म्हणून अनेक सर्जन सोबत प्लेटही लावतात.

नुसत्या तारा स्वस्त पडतात, पण त्या सरकतात. पार छातीत पोचल्याच्याही नोंदी आहेत. मी नको म्हणेन.

सर्जनला एक्स-रे समोर धरून विचारा, “बाहेरच्या तुकड्यात किती स्क्रू बसतील?” उत्तर ‘हुक’ असं आलं, तर प्लेट काढण्याचा खर्चही त्याच एस्टिमेटवर लिहून घ्या.